कुशनकाका आणि वरच्या थेटरातले सिनेमे

आमच्या थेटरात दोन पडदे होते. खाली मोठं थेटर, सहाशे खुर्च्यांचं. वर छोटं, एकशे दहा खुर्च्यांचं. खाली अमेरिकन सिनेमे लागायचे. कंपनी त्यांत आपल्या भाषेतले आवाज भरून पाठवायची, त्यामुळे तिकडचा हवालदार, तिकडची नर्स आणि तिकडचा चोर सगळे आपल्यासारखेच बोलायचे. वरच्या थेटरात एका सिनेमा मंडळाचे खेळ असायचे. ते सिनेमे जगातल्या कुठकुठल्या देशांतले, त्यांच्या त्यांच्या भाषेतले, आणि पडद्याच्या तळाशी आपल्या लिपीत अक्षरं उमटायची. या दोन्ही थेटरांतल्या सातशे दहा खुर्च्या एकाच माणसाच्या हाताखाली होत्या. त्यांना सगळे कुशनकाका म्हणत.

मी तिकीटखिडकीवर होते. लागले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या स्टुलाची बैठक खचली आणि काका ती दुरुस्त करायला आले. उंच, थोडे पोक काढून चालणारे, खिशात दाभण आणि ओठांत चुका. गादीकाम करणारी माणसं ते बारीक खिळे तोंडात धरतात आणि एकेक काढून ठोकतात. काका तशा अवस्थेतही बोलायचे. मला म्हणाले, "आमच्या तोंडात कायम चुका. म्हणून तर घरी आमचं कोणी ऐकत नाही."

त्यांच्या बोलण्यातला दुसरा कायमचा विषय म्हणजे सिनेमा. अमेरिकन सिनेमे परदेशी सिनेम्यांपेक्षा चांगले, असं त्यांचं ठाम मत होतं. कोणी म्हटलं की काका, अमेरिकासुद्धा परदेशच की, तर ते मान हलवायचे. "अमेरिकन ते अमेरिकन. उरलेले परदेशी." यावर पुढे वाद घालायची सोयच नव्हती.

पण ते नुसते मत देऊन थांबायचे नाहीत. पुरावा द्यायचे. जिन्याखाली त्यांची खोली होती. तिथे काथ्याचे ढीग, फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि भिंतीला टेकून उघड्या केलेल्या पाच-सहा खुर्च्या. ते दोन खुर्च्या शेजारी ठेवायचे. "ही खालची. बघ, पुढची कड कशी दबलीय. माणूस पुढे सरकून सरकून बसतो, श्वास रोखून. आता ही वरची. कड कोरी, जशी मी बसवली तशी. आणि डोकं टेकायची जागा बघ, तेलकट. माणूस झोपतो. मी काय बोलू, खुर्चीच बोलते."

हे ते मालकांना सांगायचे, ऑपरेटरला सांगायचे, पाणी भरायला येणाऱ्याला सांगायचे. आणि सगळ्यात आवडीने सांगायचे ते बाईंना.

बाई म्हणजे सिनेमा मंडळाच्या चिटणीस. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. केस आखूड कापलेले, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मंडळाची पत्रकं. कोणत्याही देशाचं नाव घेतलं की तिथे पाऊस किती पडतो ते आधी सांगायच्या, मग तिथला सिनेमा. काकांचा खुर्च्यांचा पुरावा ऐकून त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"कड दबते कारण तुमच्या सिनेम्यात दर दहा मिनिटांनी काहीतरी फुटतं," त्या म्हणायच्या. "घाबरवून माणूस पुढे सरकवणं सोपं आहे हो. तुमचे सिनेमे कधी रडायचं तेही सांगतात. संगीत सुरू झालं की समजायचं, आता रुमाल काढा."

"बाई, मी दिवसभर चुका ठोकतो. मला कोणी सांगितलं की आता रड, तर मला बरं वाटतं. शोधत कुठे बसू?"

अशी यांची वर्षानुवर्षं चाललेली. भांडण म्हणावं तर दोघं चहा एकाच किटलीतला प्यायचे.

आता एक गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली, पण ती इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. काकांना वाचता येत नव्हतं असं नाही. अक्षरं येत होती, सही येत होती, बसची पाटी आणि खुर्चीचा नंबर झटकन कळायचा. पण तिसरीत असताना वडील गेले आणि काका एका गादीकारखान्यात काथ्या पिंजायला बसले. तेव्हापासून वाचनाची गाडी तिथेच थांबली. ओळ समोर आली की ते एकेक शब्द लावत जायचे, ओठ हलवत. वर्तमानपत्राची चार ओळींची बातमी त्यांना चहाचा कप थंड होईस्तोवर पुरायची. पडद्यावरची अक्षरं एवढा वेळ कोणासाठी थांबतात?

तरुण असताना ते एकदा एकटेच वरच्या थेटरात गेले होते. काहीतरी विनोदी होतं. सगळं थेटर हसलं. काकांना कळेना का, पण मागे राहू नये म्हणून तेही हसले, तोवर बाकीचे थांबले होते. शेजारच्याने वळून बघितलं. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी परदेशी सिनेमाला नावं ठेवायला सुरुवात केली, आणि नावं ठेवता ठेवता ते मत होऊन बसलं.

लग्न झाल्यावर काकूंनी त्यांना हौसेने दोनदा वर नेलं. काकू घरी शिलाईकाम करायच्या. पुढे खुर्च्यांच्या खोळीही त्याच शिवायला लागल्या. लग्नाआधी त्या मोठ्या बहिणीबरोबर दर आठवड्याला वरच्या थेटरात जायच्या, मंडळाच्या सभासद होत्या. दोन्ही वेळा काका मध्यंतराआधीच डोळे मिटून बसले. "मला झोप येते बुवा," म्हणाले. काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. सभासदत्वाची पुढच्या वर्षीची नोंदणीही केली नाही.

थेटराला चाळीस वर्षं झाली तेव्हा मालकांच्या डोक्यात आलं की काहीतरी कार्यक्रम करावा. हार-भाषणं त्यांना नको होती. ते म्हणाले, "आपल्याकडे एक भांडण वर्षानुवर्षं फुकट चाललंय, तेच स्टेजवर आणू." रविवारी सकाळी दहा वाजता, वरच्या थेटरात, वादविवाद. विषय: अमेरिकन सिनेमे परदेशी सिनेम्यांपेक्षा चांगले आहेत का? एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला कुशनकाका. दाराबाहेर फलक लागला. काका तो फलक बघून दिवसभर खुशीत होते.

बाईंनी मात्र एक अट घातली. "दोघांनीही एकमेकांनी निवडलेला एकेक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. न बघता बोलायचं नाही. मी शाळेतसुद्धा न वाचता उत्तर लिहू देत नव्हते."

मालकांना अट एकदम पटली. काकांनी मान डोलवली, दुसरं काय करणार. बाईंसाठी त्यांनी एक धरण फुटल्याचा अमेरिकन सिनेमा निवडला. त्यात एक ट्रकवाला पुरातून शाळेची बस ओढून काढतो. बाईंनी त्यांच्यासाठी निवडला तो एका म्हाताऱ्या नावाड्याचा. कुठल्यातरी थंड देशातला. नदीवर पूल होतो, त्याची नाव बंद पडते, मुलगी त्याला शहरात घेऊन जाते, आणि एक दिवस तो परत येतो. एवढीच गोष्ट.

बुधवारी दुपारी काका माझ्या खिडकीशी आले. "तू येतेस का वर? कंटाळा आला तर बोलायला कोणीतरी हवं."

माझी खिडकी त्या वेळी बंद असायची. मी गेले. थेटरात वीसेक माणसं होती. आम्ही मागच्या रांगेत बसलो. सिनेमा सुरू झाला आणि थोड्या वेळाने माझं लक्ष काकांकडे गेलं. ते पुढे झुकले होते, अगदी त्यांच्या खालच्या खुर्चीवाल्यांसारखे. मला वाटलं, रंगले. मग दिसलं की त्यांचे ओठ हलतायत. नजर पडद्याच्या तळाला खिळलेली, वर उचललीच जात नव्हती. एक ओळ जायची, दुसरी यायची, आणि काका पहिलीच्या मधेच असायचे. एसी चालू असून त्यांच्या कानामागे घामाची धार होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"बेकार."

"पण त्या कुत्र्याचं बरं होतं की नाही? दर वेळी किनाऱ्यावर येऊन थांबायचं ते."

काका जिना उतरता उतरता थांबले. "कुत्रं कुठे होतं?"

कुत्रं अर्धा सिनेमाभर पडद्यावर होतं. जिन्याखालच्या खोलीशी आल्यावर त्यांनी दार उघडलं, आणि आत न जाता म्हणाले, "तू कोणाला सांगायचं नाहीस."

"काय सांगायचं नाही, काका?"

"तुला कळलंय ते."

मग त्यांनी एक उघडी खुर्ची माझ्याकडे सरकवली, स्वतः काथ्याच्या गठ्ठ्यावर बसले आणि मला तिसरीपासूनचं सगळं सांगितलं. सांगताना हातात दाभण होतं, ते एका फोमच्या तुकड्यात टोचत होते आणि काढत होते.

मी म्हटलं, "मग रविवारी नेहमीचंच बोला. खुर्च्यांचं. कोणाला काय कळतंय?"

"बाईंनी विचारलं, तो म्हातारा परत का आला, तर?"

"मी सांगते ना तुम्हाला सगळी गोष्ट."

त्यांनी दाभण फोममधून उपसून बाजूला ठेवलं. "म्हणजे ऐकीव. परीक्षेत दुसऱ्याच्या पाटीवरून लिहिल्यासारखं." आणि मग, "घरी सांगायला पाहिजे. तिला माहीत नाही आणि तुला माहीत आहे, हे काही बरं नाही."

गुरुवारी त्यांनी काकूंना सांगितलं. ते संभाषण मला काकूंनीच पुढे ऐकवलं, एकदा नाही, चार-पाचदा, त्यामुळे मला ते तोंडपाठ आहे.

काकू मशीनवर होत्या. काका समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला ती सिनेमातली खालची अक्षरं पकडता येत नाहीत."

काकूंनी मशीन थांबवलं. "दिसत नाहीत? डोळे दाखवायला हवेत मग."

"दिसतात. मी पहिला शब्द लावेपर्यंत निघून जातात."

"मग वर्तमानपत्र?"

"तू मोठ्याने वाचतेस ना सकाळी."

"आणि दवाखान्याचे कागद?"

"तू असतेस ना बरोबर."

काकूंना वाटायचं, हा माणूस आळशी आहे. वाचायचा कंटाळा करतो. नवऱ्याच्या आळसाची तक्रार त्यांनी सगळ्या बहिणींजवळ केलेली. आता त्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, "एकतीस वर्षं मला वाटलं, तुम्हाला माझ्या शेजारी बसायचा कंटाळा येतो."

"एकतीस वर्षं तुझ्या शेजारीच तर बसलोय."

"घरात. थेटरात नाही."

काकू त्या दिवशी पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली, आणि सगळं मुक्याने. काका मला शुक्रवारी सकाळी म्हणाले, "सांगून चूक केली असं वाटतंय." त्या दिवशी तोंडात चुका नव्हत्या, त्यामुळे मी हसले नाही.

शुक्रवारी दुपारी काकू स्वतः माझ्या खिडकीवर आल्या. त्यांना थेटराच्या पायरीवर आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खोळींचे गठ्ठे काकाच घेऊन यायचे.

"ते होडीवाल्याचं पुन्हा कधी आहे?"

"उद्या दुपारी, काकू."

"दोन दे. मागची."

"काकू, तुम्ही वाचून दाखवणार ना त्यांना? कुजबुजलात तरी पुढचे लोक ओरडतात. मंडळाची माणसं फार कडक आहेत. कोणी शिंकलं तरी वळून बघतात."

"मग कुठून बघायचं आम्ही? छतावरून?"

मी ऑपरेटरकडे गेले. वरच्या थेटराच्या मशीनखोलीला जाड काच होती, आत मशीनचा घरघराट, आत कोणी गाणं म्हटलं तरी बाहेर ऐकू यायचं नाही. ऑपरेटरने आधी नियम सांगितले, मग दोन स्टुलं पुसून ठेवली. काकांनी त्याच्या खुर्चीची स्प्रिंग तीनदा फुकट बदलून दिली होती, हेही त्याला आठवलं असणार.

शनिवारचं मी ऑपरेटरकडून ऐकलं. मशीनच्या आवाजावर आवाज काढत काकू सरळ वाचत गेल्या. नाटकीपणा नाही, चढ-उतार नाही, शिलाई घातल्यासारखं एका लयीत. कोण बोलतंय तेवढं आधी सांगायच्या. "मुलगी. बाबा, चला ना. म्हातारा. इथे काय वाईट आहे? मुलगी. इथे कोणी नाही." पहिली दहा मिनिटं काका काकूंच्याच तोंडाकडे बघत होते. काकूंनी कोपराने ढोसलं. "तिकडे बघा. मी इथेच आहे." मग काका काचेला नाक लावून उभे राहिले ते शेवटपर्यंत उभेच. मध्यंतर झालं तरी खाली बसले नाहीत.

सिनेमा संपल्यावर ते ऑपरेटरला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, बघितलंस? तो खाली फळी सरकवतो. आणि पोरीकडे गेल्यावर ते त्याला नवीकोरी खुर्ची देतात, तर तो तिच्यात पाठ टेकतच नाही. शेवटपर्यंत टेकत नाही. हे मी बुधवारी पाहिलंच नव्हतं."

"कुत्रं दिसलं का?" ऑपरेटरने विचारलं. ते त्याला माझ्याकडून कळलेलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कबूल करायला हवं.

"दिसलं," काका म्हणाले. "चांगलं कुत्रं आहे."

रविवारी सकाळी वरचं थेटर भरून पायऱ्यांवर माणसं बसली. मालकांनी दोन शब्द बोलून दोघांना पडद्यापुढे बोलावलं. बाईंनी सुरुवात केली. त्यांच्याकडे टिपणं होती, मुद्दे होते, सात देशांची उदाहरणं होती. त्या छान बोलल्या. शेवटी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अट मीच घातली होती, म्हणून खरं सांगते. त्यांनी दिलेला धरणाचा सिनेमा मी बघितला. ट्रकवाल्याचा भाऊ दोर सोडून देतो, तिथे संगीत सुरू झालं. मला माहीत होतं ते मला रडवणार आहेत. तरी मी रडले. मला त्याचा राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा बघितला." लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

मग काका उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद नाही. ते खुर्च्यांपासून सुरुवात करतील असं सगळ्यांना वाटत होतं. समोर तिसऱ्या रांगेत काकू बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

काका म्हणाले, "बाईंनी दिलेला सिनेमा मी बुधवारी बघितला. तो वाईट होता. शनिवारी तोच बघितला. तो चांगला होता. मधल्या दोन दिवसांत त्या म्हाताऱ्याने काही बदललं नाही." थोडं थांबून पुढे म्हणाले, "मला जलद वाचता येत नाही. तिसरीपर्यंत शिकलोय. बुधवारी मी नुसती अक्षरं बघत होतो, ती पण अर्धी. शनिवारी आमच्या घरच्यांनी वाचून दाखवलं, तेव्हा मला सिनेमा बघायला मिळाला. तीस-पस्तीस वर्षं मी परदेशी सिनेम्यांना नावं ठेवतोय. न बघता ठेवतोय. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, दुसरं काही नाही."

मला वाटलं ते आता खाली बसतील. पण ते म्हणाले, "तरी माझं म्हणणं आहे की अमेरिकन चांगले. का ते सांगतो. ते माझ्याशी माझ्या भाषेत बोलतात. कोणीतरी तिकडे बसून विचार केलाय की याला वाचता येत नसेल. तुमचे सिनेमे असतील गुणाचे, पण ते दारातच विचारतात, किती शिकलास? पोटभर जेवलेल्याने पंगतीला नावं ठेवू नयेत, तसं वाचता येणाऱ्याने आम्हाला हसू नये." आणि जाऊन बसले.

मालकांनी हात वर करायला सांगितले. अमेरिकन बाजूला जास्त हात गेले, बऱ्यापैकी जास्त. काकूंनी बाईंच्या बाजूने हात वर केला, आणि काकांनी तो बघितला. बाईंनी हार मानली की नाही ते सांगता येत नाही. त्या काकांशी हात मिळवून थेट काकूंकडे गेल्या आणि विचारलं, "तुम्ही आमच्या सभासद होतात ना? पुढच्या रांगेत डाव्या कडेला बसायचात, बहिणीबरोबर." काकूंना रडू आलं ते तेव्हा. नवऱ्याच्या भाषणाला आलं नव्हतं.

खरी मजा त्यानंतर झाली. माणसं बाहेर पडत असताना झाडूकाम करणारी मावशी काकूंच्या जवळ आली. "ताई, पुन्हा कधी वाचणार आहात?" मग कोपऱ्यावरचा चप्पल शिवणारा आला. मग एक पेन्शनर, त्यांना वाचता येत होतं पण मोतीबिंदूमुळे अक्षरं पुसट दिसायची. मग माझी स्वतःची सासू, जी याबद्दल माझ्याकडे कधी काही बोलली नव्हती. ती आमच्या घरात रोज देवघरासमोर पोथी उघडून बसायची. मला त्या दिवशी कळलं की पोथी तिला पाठ होती. बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि नावं लिहून घेतली. अकरा झाली.

पुढच्या महिन्यापासून बुधवारचा दुपारचा खेळ वाचनाचा झाला. मंडळातल्या काहींनी कुरकुर केली. सिनेमाची शांतता बिघडते, म्हणाले. बाईंनी त्यांना सांगितलं, मंडळाच्या खेळांचे बाकीचे दोन दिवस शांततेचेच आहेत, तेव्हा या. मागच्या रांगेत एक छोटा माइक बसवला आणि काकू तिथून वाचायला लागल्या. सुरुवातीला त्यांचा आवाज कापायचा. एकदा खून झाला तेव्हा त्या वाचायचंच विसरल्या आणि "अरे देवा" म्हणाल्या, ते माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं. पुढे सराव झाला. आदल्या दिवशी येऊन त्या सिनेमा एकदा बघून ठेवायच्या, वहीत पात्रांची खूण लिहायच्या. लाल टोपीवाला, मोठी बहीण, घरमालकीण. अकराचे चाळीस झाले, चाळीसचे सत्तर.

बाईंनी काकांना वाचायला शिकवायचंही मनावर घेतलं. दोन महिने रोज अर्धा तास, जिन्याखालच्या खोलीत. काका इमानाने बसले, पण फार पुढे गेले नाहीत. एक दिवस म्हणाले, "बाई, या वयात बोटं शिकतात, डोकं नाही. तुम्ही माझ्यामुळे उगाच दमताय." बाईंना वाईट वाटलं. मग त्यांनी तोच अर्धा तास मावशीला दिला, आणि मावशी मात्र वर्षभरात घडाघडा वाचायला लागली.

याला चार-पाच वर्षं झाली असतील. मंडळाने एकदा एक अमेरिकन सिनेमा आणला, आवाज न बदललेला. अमेरिकन माणसं अमेरिकन भाषेत बोलणारी, खाली अक्षरं. नायक तोच, काकांचा आवडता, ज्याचे पंधरा-वीस सिनेमे त्यांनी खाली उभ्याने बघितलेले. बुधवारी काका जरा लवकरच येऊन बसले. नायकाने तोंड उघडलं, आणि काका चमकून काकूंकडे बघायला लागले. आवाज पातळ होता, थोडा नाकातला. सिनेमा संपेपर्यंत ते अस्वस्थ होते.

बाहेर बाईंनी विचारलं, "कसा होता आज, तुमचा अमेरिकन?"

"हा परदेशी होता," काका म्हणाले.

बाई मनापासून हसल्या. काका नाही हसले. ते माझ्याकडे आले. "आपल्याकडे त्याचा आवाज कोण काढतो, ते शोधता येईल का?"

मी कंपनीला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तो माणूस एका पोस्टात कारकून होता, सुट्टीच्या दिवशी जाऊन आवाज द्यायचा. आता निवृत्त होऊन चार तासांवरच्या गावी राहत होता. पत्ता होता. काकांनी माझ्याकडून फोन लावून घेतला. पलीकडून "बोला" असं ऐकू आलं आणि काकांनी फोन एकदम काकूंच्या हातात दिला.

ते दोघं बसने त्याला भेटायला गेले. बुटका, टक्कल पडलेला, गुडघे दुखणारा गृहस्थ. बायको गेलेली. त्याच्याकडे त्या सिनेम्यांसाठी कधीच कोणी आलं नव्हतं. शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. काका सांगत होते, "मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. खिडकीबाहेर बघत ऐकत होतो. तो साखर किती विचारत होता, आणि मला वाटत होतं आता हा दार तोडून आत शिरणार." काकूंनी त्याला आपल्या बुधवारांचं सांगितलं. तो म्हणाला, मी एक दिवस येऊन बघतो.

तो आला. आणि नुसता बघायला आलेला माणूस मध्यंतरानंतर काकूंच्या शेजारी बसून पुरुषांची वाक्यं वाचायला लागला. सिनेमा डोंगरातल्या एका शाळामास्तरांचा होता. अंधारात कोणीतरी त्याचा आवाज ओळखला, आणि रांगा-रांगांतून कुजबुज गेली. तो चार बुधवार आला. मग गुडघ्यांमुळे बसचा प्रवास त्याला झेपेना. तो अधूनमधून फोन करतो आणि कोणता सिनेमा झाला ते विचारतो.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. वरच्या खुर्च्या त्यांनी जाण्याआधी सगळ्या नव्याने भरल्या, मागची रांग सोडून. ती त्यांनी नंतर, सवडीने, घरी नेऊन केली. बुधवारी दोघं दुपारच्या दीडच्या सुमाराला येतात. काकूंच्या हातात वही असते, काकांच्या हातात पाण्याची बाटली, कारण वाचून घसा कोरडा पडतो. मी तिकिटं आधीच काढून ठेवते.